‘स्टार ट्रेक’चे लाडके भाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या एका घरी आम्ही दहा-बारा जण जमतो आणि ‘स्टार ट्रेक’ या अवकाशयानावरच्या जुन्या विज्ञानमालिकेचा एक भाग बघतो. भाग पन्नास मिनिटांचा, त्यावरचं बोलणं दीड तासाचं. दर वेळी कुणीतरी नवं येतं. कुणाचा भाचा, कुणाची शेजारीण, कुणाचा ऑफिसातला मित्र. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरांसह एकदा लिहून काढले. मतं बरीचशी माझी आहेत. जिथे इतरांची आहेत तिथे तसं म्हटलं आहे. पुढे काही भागांचे शेवट सांगितले आहेत. ज्यांना ते आधी कळायला नको असतील त्यांनी पहिले दोन प्रश्न वाचून थांबावं आणि भाग बघून परत यावं.

नेमकी कोणती मालिका? ‘स्टार ट्रेक’ नावाच्या तर कितीतरी आहेत.

सगळ्यांत पहिली. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झालेली आणि ३ जून १९६९ रोजी संपलेली. तीन हंगाम, एकूण ७९ भाग. कर्ता जीन रॉडनबेरी. कप्तान कर्क म्हणजे विल्यम शॅटनर, अर्धा माणूस आणि अर्धा व्हल्कन (म्हणजे परग्रहावरचा) असलेला स्पॉक म्हणजे लेनर्ड निमॉय, आणि चिडक्या पण मायाळू डॉक्टर मकॉयच्या भूमिकेत डिफॉरेस्ट केली. यानाचं नाव एंटरप्राइज.

आमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांनी ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिली. गच्चीवरचा अँटेना सिंहगडाच्या मनोऱ्याकडे वळवायचा, खालून कुणीतरी ‘आलं, आलं, आता हलवू नकोस’ म्हणून ओरडायचं, आणि मग ते यान मुंग्या-मुंग्यांच्या पडद्यातून सुळकन निघून जायचं. इंग्रजी निम्मं कळायचं नाही. तरी स्पॉकची एक भुवई वर गेली की काहीतरी महत्त्वाचं झालं, एवढं पक्कं कळायचं.

७९ भाग! कुठून सुरू करू?

पहिल्या भागापासून नको. सगळ्यांत आधी दाखवला गेलेला ‘द मॅन ट्रॅप’ हा बनवताना पहिला नव्हता, आणि तो फार चांगलाही नाही. आम्ही नव्या माणसाला या क्रमाने दाखवतो : ‘बॅलन्स ऑफ टेरर’, ‘द डेव्हिल इन द डार्क’, ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’, ‘अमोक टाइम’, आणि त्यानंतरच ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’. शेवटच्याचं नाव ऐकून पुष्कळ जण तोच आधी बघतात. तसं करू नका. कर्कचं त्याच्या यानावर किती प्रेम आहे आणि स्पॉक त्याचा कोण लागतो हे ठाऊक नसताना तो भाग नुसती एक हळवी प्रेमकथा वाटतो.

चाहत्यांचा सर्वांत लाडका भाग कोणता?

बहुतेक याद्यांत वरच्या जागी ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’च असतो. ६ एप्रिल १९६७ रोजी दाखवलेला, पहिल्या हंगामातला.

मकॉयला अपघाताने एका औषधाची भलतीच मोठी मात्रा टोचली जाते. भ्रमिष्ट होऊन तो एका उजाड ग्रहावर पळतो आणि तिथल्या काळाच्या दारातून भूतकाळात उडी घेतो. त्याच क्षणी वर घिरट्या घालणारं एंटरप्राइज नाहीसं होतं, कारण त्याने मागे जाऊन इतिहास बदलला आहे. त्याला शोधायला कर्क आणि स्पॉक १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये उतरतात. मंदीचे दिवस, बेकारांच्या रांगा. एडिथ कीलर नावाची बाई या लोकांना गरम सूप आणि टेकायला जागा देते. ही भूमिका जोन कॉलिन्सने केली आहे. कर्क तिच्यात गुंततो. इकडे स्पॉक रेडिओचे सुटे भाग जोडून एक यंत्र खटपटीने उभं करतो आणि त्यावर त्याला दोन भविष्यं दिसतात. एकात एडिथ लवकरच रस्त्यावरच्या अपघातात मरते. दुसऱ्यात ती जगते, शांततेची मोठी चळवळ उभारते, त्या चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरते, आणि तोवर अणुबॉम्ब जर्मनीच्या हातात पडतो. जिला वाचवलं की जग बुडतं ती बाई चांगलीच आहे, तिचं म्हणणंही खरंच आहे. फक्त वेळ चुकलेली आहे.

शेवटी रस्त्यावर गाडी येते. मकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला मिठीत आवळून धरून ठेवतो. मकॉय विचारतो, तू आत्ता काय केलंस, कळतंय का तुला? उत्तर स्पॉक देतो : त्याला कळतंय, डॉक्टर. कर्क एक शब्द बोलत नाही.

मूळ पटकथा हार्लन एलिसनची. निर्मात्यांनी ती पुष्कळ बदलली आणि एलिसन आयुष्यभर त्याबद्दल संतापलेला राहिला. त्याच्या मूळ पटकथेला अमेरिकी लेखकसंघाचा पुरस्कार मिळाला आणि पडद्यावर आलेल्या भागाला १९६८ चा ह्यूगो, हा विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार. म्हणजे भांडणाच्या दोन्ही बाजूंना बक्षीस मिळालं. त्या वर्षी ह्यूगोच्या त्या गटात पाच नामांकनं होती आणि पाचही ‘स्टार ट्रेक’च्याच भागांची होती.

पण कर्कने केलं ते बरोबर होतं का?

हा प्रश्न आमच्याकडे दर वेळी निघतो आणि दर वेळी रात्रीचे अकरा वाजतात. मराठी माणसाला ‘असं झालं असतं तर’ हा खेळ नवा नाही. पानिपतात विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, यावर आपल्या दोन-तीन पिढ्यांनी वाद घातले आहेत. पण पानिपत लांबचं आहे. पुण्यात याहून जवळचा ‘जर’ आहे.

आमच्यातल्या एक आजी लहानपणी नारायण पेठेत नदीच्या बाजूला राहायच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि त्यांच्या घराचं नुसतं जोतं उरलं. हा भाग संपल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मला त्या दारापाशी उभं केलं असतं, तर मी बारा जुलैच्या पहाटे जाऊन दारोदार सगळ्यांना उठवलं असतं. पुढचं पुणं बदललं असतं, तर बदललं असतं.”

यावर कुणी काय बोलणार? पण त्यांच्या शेजारी बसलेला आमचा एक मित्र हळूच म्हणाला, “आजी, पुरानंतर आमच्या दोन्ही आजोबांना गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत घरं मिळाली. आई-बाबा तिथेच शेजारी म्हणून वाढले. पूर आला नसता तर मी नाही.” आजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तरी उठवलं असतं रे.”

माझं मत आजींच्या बाजूला जातं आणि मला कर्कही चुकला असं म्हणवत नाही. या भागाचं मोठेपण मला इथेच वाटतं. स्पॉकचा हिशेब अचूक आहे आणि एडिथचा जीवही तितकाच खरा आहे, आणि लेखकाने दोन्हींपैकी कशाचंही वजन कमी करून आपली सुटका केलेली नाही.

‘बॅलन्स ऑफ टेरर’ तुम्ही पहिला का दाखवता?

कारण पुण्याच्या प्रेक्षकाला तो लगेच कळतो. ज्याने भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका पाहिल्या आहेत त्याला दोन खोल्या आणि सहा माणसं यांतून केवढा ताण उभा राहतो हे सांगावं लागत नाही. हा भाग तसाच आहे. एका खोलीत कर्क, दुसऱ्या खोलीत रोम्युलन या शत्रूंचा सेनापती. रोम्युलन यान अदृश्य होऊ शकतं, पण अदृश्य असताना त्याला मारा करता येत नाही. दोघेही एकमेकांना न बघता केवळ अंदाजाने खेळतात, आणि प्रत्येकाला समोरच्याची अक्कल ओळखता येते. पाणबुडीच्या युद्धकथेचा साचा अवकाशात आणला आहे, आणि तो नीट बसला आहे.

१५ डिसेंबर १९६६ ला हा भाग आला तेव्हा रोम्युलन पहिल्यांदाच दिसले. कथेतही तसंच आहे : शंभर वर्षांपूर्वी युद्ध झालं, पण त्यात दोन्ही बाजूंनी एकमेकांचे चेहरे कधी पाहिलेच नव्हते. पडद्यावर शत्रूचा चेहरा उमटतो आणि तो थेट स्पॉकसारखा निघतो, तेच टोकदार कान. त्या क्षणी स्टाइल्स नावाचा अधिकारी मान वळवून स्पॉककडे बघतो. त्या बघण्यात सगळं आलं. ज्याच्यासोबत रोज काम करतो तो एका क्षणात ‘त्यांच्यातला’ होतो. पुढे हाच स्पॉक स्टाइल्सचा जीव वाचवतो.

रोम्युलन सेनापतीचं काम मार्क लेनर्डने केलं आहे. भागात त्याला नावसुद्धा नाही, आणि तरी तो लक्षात राहतो. थकलेला, युद्धाला कंटाळलेला, पण हुकमाशी बांधलेला. हरल्यावर तो कर्कला म्हणतो की आपण दोघं एकाच जातकुळीचे. दुसऱ्या एखाद्या जगात मी तुला मित्र म्हटलं असतं. मग तो स्वतःचं यान उडवून देतो. याच नटाने पुढच्या हंगामात ‘जर्नी टू बेबल’मध्ये स्पॉकच्या वडिलांचं, सारेकचं काम केलं, हे कळल्यावर आमच्याकडे प्रत्येक जण ‘हा तोच?’ म्हणून पुन्हा मागे जाऊन बघतो.

भागाची सुरुवात यानातल्या एका लग्नाने होते, आणि ते लग्न धोक्याच्या घंटेमुळे अर्धवट राहतं. शेवटी नवरा मुलगा मेलेला असतो. कर्क त्या मुलीशी दोन शब्द बोलतो आणि बाहेर पडून लांबलचक बोळातून चालत जातो. विजय झाला, पण कुणीही टाळ्या वाजवत नाही.

माझ्या आईला विज्ञानकथा आवडत नाहीत. तिला काय दाखवू?

‘द डेव्हिल इन द डार्क’. ९ मार्च १९६७, लेखक जीन कून.

एका खाणीत कुठलासा राक्षस कामगारांना मारतो आहे. पन्नासच्या वर माणसं गेली आहेत, उरलेले सूडाने पेटले आहेत. तो प्राणी दगडातून लोण्यातून जावं तसा जातो. त्याचं शरीर आपल्यासारखं कार्बनचं नाही, सिलिकॉनचं आहे. खाणीत सगळीकडे गुळगुळीत गोल दगड पडलेले आहेत. कामगारांनी ते हजारोंनी फोडून फेकले आहेत. पुढे स्पॉक त्या जखमी प्राण्याच्या मनाशी आपलं मन जोडतो आणि वेदनेने ओरडतो. तेव्हा कळतं की ते दगड म्हणजे अंडी आहेत, आणि हा राक्षस एक आई आहे. पन्नास हजार वर्षांतून एकदा सगळे हॉर्टा, म्हणजे या जातीचे प्राणी, मरतात, एकच उरते, आणि तिच्यावर सगळ्यांच्या पिल्लांची राखण असते.

माझ्या आईने हा भाग पोळ्या लाटता लाटता ऐकायला सुरुवात केली होती, आणि स्पॉक रडू लागला तेव्हा ती लाटणं हातात धरूनच बाहेर आली. “अगं बाई, तिची अंडी फोडली होय रे त्यांनी,” एवढंच म्हणाली. तिला सिलिकॉन समजावून सांगावं लागलं नाही.

हॉर्टाच्या पांघरुणाखाली यानोश प्रोहास्का नावाचा कलाकार रांगत होता. हा वेश त्यानेच बनवला होता. जाजमासारखं दिसणारं ते सोंग बघून पहिली दोन मिनिटं मुलं हसतात. मग हसत नाहीत. चित्रीकरण चालू असताना शॅटनरच्या वडिलांचं निधन झालं होतं, तरी आवडीचा भाग म्हणून तो याचं नाव घेत आला आहे.

लहान मुलांसाठी?

‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’, २९ डिसेंबर १९६७. ट्रिबल म्हणजे मुठीएवढा, केसाळ, गुरगुरणारा गोळा. खायला घातलं की पिल्लं होतात, आणि खायला तर ते सगळंच खातात. एका अवकाशस्थानकावर धान्याची कोठारं भरलेली असतात. कर्क वरच्या कोठाराचं दार उघडतो आणि त्याच्या डोक्यावर ट्रिबलांचा पाऊस पडतो. डेव्हिड जेरोल्ड या तरुण लेखकाची विकली गेलेली ही पहिलीच पटकथा.

स्पॉक यात एक आकडा सांगतो : १७,७१,५६१. आमच्याकडे आलेल्या सातवीतल्या एका मुलीने तो खरा आहे का म्हणून विचारलं, तेव्हा भाग थांबवून आम्ही तिलाच कागद-पेन दिलं. एक ट्रिबल, दर बारा तासांनी सरासरी दहा पिल्लं, म्हणजे एकाचे अकरा. तीन दिवसांत असे सहा टप्पे. अकरा, एकशे एकवीस, तेराशे एकतीस, चौदा हजार सहाशे एक्केचाळीस, एक लाख एकसष्ट हजार एक्कावन्न, आणि सहाव्या गुणाकाराला बरोब्बर १७,७१,५६१. तिने कागद उंच धरला तेव्हाचा तिचा चेहरा मला भागापेक्षा जास्त आठवतो.

१९९६ मध्ये, मालिकेला तीस वर्षं झाली तेव्हा, ‘डीप स्पेस नाइन’ या नंतरच्या मालिकेने आपल्या पात्रांना याच भागाच्या जुन्या दृश्यांत नेऊन सोडलं. हा भाग पाहून मग तो बघावा.

खान भारतीय आहे म्हणे?

‘स्पेस सीड’, १६ फेब्रुवारी १९६७. खान म्हणजे एका जुन्या भरकटलेल्या यानात दीर्घ झोपेत सापडलेला हुकूमशहा. त्याचं पूर्ण नाव खान नूनियन सिंग. यानावरची इतिहासतज्ज्ञ त्याला झोपलेला बघूनच अंदाज करते की हा उत्तर भारताकडचा, बहुधा शीख असावा. पुढे ती त्याचं फेट्यातलं चित्रही काढते. भूमिका मात्र रिकार्डो मॉन्टालबान या मेक्सिकन नटाने केली. खान आणि सिंग ही दोन नावं एकाच माणसाला चिकटवताना लेखकांना आपल्याकडची फार माहिती नव्हती, हे उघड आहे, आणि मला ते खटकतं. पण १९६७ साली अमेरिकेतल्या टीव्हीवर सगळ्यांत बुद्धिमान, सगळ्यांत बलवान माणूस म्हणून भारतीय नाव घेऊन कुणी उभं राहतं, हेही पहिल्यांदा पाहताना लहानपणी छाती फुगवणारं होतं.

शेवटी कर्क त्याला तुरुंगात न टाकता एका रानटी ग्रहावर सोडतो. स्पॉक म्हणतो, आज पेरलेल्या या बीजाला शंभर वर्षांनी काय पीक आलं ते पाहायला परत यायला हवं. ते पीक पंधरा वर्षांतच आलं : १९८२ चा ‘द रॅथ ऑफ खान’ हा चित्रपट याच भागातून निघाला, मॉन्टालबानसकट.

स्पॉकचा तो चार बोटं मधोमध दोन-दोन फाकवून केलेला हाताचा नमस्कार कोणत्या भागात पहिल्यांदा दिसतो? आणि त्याचा अर्थ काय?

‘अमोक टाइम’मध्ये, १५ सप्टेंबर १९६७. दुसऱ्या हंगामाचा पहिला भाग, लेखक थिओडोर स्टर्जन. निमॉयने लहानपणी बॉस्टनच्या सिनेगॉगमध्ये पुरोहितांना आशीर्वाद देताना बोटांची ही ठेवण करताना चोरून पाहिलं होतं. ती हिब्रूतल्या ‘शिन’ या अक्षराची खूण. व्हल्कन लोक भेटल्यावर काय करतील असा प्रश्न आला तेव्हा त्याला ते आठवलं.

सोबतच्या ‘लिव्ह लाँग अँड प्रॉस्पर’ या शब्दांचं मराठी काय करावं यावर आमच्यात मतभेद आहेत. ‘दीर्घायुषी हो, भरभराट होवो’ बरोबर आहे, पण पत्रातल्या मजकुरासारखं लागतं. मला ‘औक्षवंत हो, सुखात राहा’ आवडतं. कुठल्याही आजीच्या तोंडी शोभेल.

भागात स्पॉकचं लग्न आहे. ते सातव्या वर्षीच ठरलेलं आहे, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या माणसांना यात परकं काही वाटत नाही. पण ठरलेल्या नवरीला, टी’प्रिंगला, दुसराच कुणी आवडतो. ती रीतीप्रमाणे द्वंद्वाची मागणी करते आणि आपल्या बाजूने लढायला चक्क कर्कला निवडते. कारण? कर्क जिंकला तर त्याला ती नको असेल. स्पॉक जिंकला तर आव्हान दिलं म्हणून तिला सोडेल. आणि नाहीच सोडलं तरी तो यानावर निघून जाईल. कोणत्याही वाटेने तिचा तो तिच्यापाशी राहतो. हे ऐकून स्पॉक तिचं कौतुक करतो : तर्कात एकही चूक नाही. जाताना तो त्या दुसऱ्याला सांगतो की हवंसं वाटणं जितकं गोड, तितकं मिळणं गोड नसतं. हे तर्कात बसत नाही, पण पुष्कळदा खरं असतं.

कर्क आपल्या हातून मेला, असं समजून स्पॉक परत येतो. निरोपाच्या वेळी त्याला दीर्घायुष्य चिंतलं जातं तेव्हा तो म्हणतो, यातलं काहीच होणार नाही, मी माझ्या कप्तानाला आणि मित्राला मारलं आहे. मग यानावर कर्क समोर जिवंत उभा. स्पॉक त्याचे दंड धरून ‘जिम!’ म्हणून हसतो. एका क्षणापुरतं. लगेच चेहरा कोरा. त्या एका हसण्यासाठी आम्ही हा भाग सहा वेळा पाहिला आहे.

‘बीम मी अप, स्कॉटी’ कोणत्या भागात आहे?

यानाचा इंजिनिअर स्कॉटी याला ‘मला वर यानात घे’ असं सांगणारं हे गाजलेलं वाक्य जसंच्या तसं कुठेच नाही. जवळपासची वाक्यं पुष्कळ आहेत.

लाल शर्टवाला नेहमी मरतो, हे खरं का?

लाल शर्ट म्हणजे यानावरचे पहारेकरी आणि तंत्रज्ञ. नेहमी नाही, पण पुष्कळदा मरतात. ज्यांनी ही मालिका काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर पाहिली त्यांना मात्र हे कळायचंच नाही, कारण लाल शर्ट नुसता करडा दिसायचा. आमच्यातल्या एकाला तो नियम रंगीत टीव्ही घरी आल्यावर उमगला आणि तेव्हापासून तो उतरणाऱ्या तुकडीतले लाल शर्ट आधी मोजतो.

सेट फारच तकलादू दिसतात. नव्या पिढीला चालतील का?

पैसे नव्हते. माणसं यानातून ग्रहावर झगझगत उतरतात ती ट्रान्सपोर्टरची युक्तीच मुळात पैसे वाचवायला निघाली. दर आठवड्याला यान उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं. ‘द मॅन ट्रॅप’साठी आणलेल्या चित्रविचित्र मीठदाण्या पुढे मकॉयची शस्त्रक्रियेची उपकरणं झाल्या. दोन खुर्च्या आणि एक रिकामी चौकट म्हणजे दिवाणखाना, हे मान्य करणाऱ्या प्रेक्षकाला यात अडचण येऊ नये. माझ्या मते या गरिबीने मालिकेचं भलंच केलं : दाखवायला काही नसल्यामुळे लेखकांना माणसंच लिहावी लागली.

२००६ पासून यानाची दृश्यं संगणकावर नव्याने केलेली आवृत्तीही निघाली. ती देखणी आहे. आम्ही जुनी लावतो.

उहुराला काही काम दिलंय का, की नुसती कानात यंत्र घालून बसते?

काम कमी दिलं, ही तक्रार खरी आहे आणि ती भूमिका करणाऱ्या निशेल निकल्सचीही तीच होती. पहिल्या हंगामानंतर तिने सोडायचं ठरवलं होतं. तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग तिला भेटले आणि म्हणाले की तुला सोडून चालणार नाही, ही आठवण ती नेहमी सांगायची. यानाच्या मुख्य दालनात एक काळी स्त्री अधिकारी म्हणून बसते आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही, हेच त्या काळात नवलाचं होतं. उहुरा हे नाव स्वाहिलीतल्या ‘उहुरू’वरून आलं, म्हणजे स्वातंत्र्य. १९६८ च्या ‘प्लेटोज स्टेपचिल्ड्रन’मधलं तिचं आणि कर्कचं चुंबन फार गाजलं. भाग म्हणून तो मला बेताचाच वाटतो. पुढे निकल्सने नासासाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवार गोळा करण्याचं मोठं काम केलं.

तुमच्यात सर्वांत जास्त भांडण कोणत्या भागावरून होतं?

‘द डूम्सडे मशीन’. आपलं यान आणि सगळी माणसं गमावून बसलेला कमोडोर डेकर, त्याची भूमिका करणारा विल्यम विंडम, आणि ग्रहच्या ग्रह गिळणारं एक निर्बुद्ध यंत्र. निम्म्या लोकांना विंडम अतिरंजित वाटतो, निम्म्यांना तोच भागाचा प्राण वाटतो. मी दुसऱ्या निम्म्यात आहे. ज्याच्या हुकमाने चारशे माणसं एका ग्रहावर उतरली आणि मग तो ग्रहच उरला नाही, तो माणूस मोजूनमापून कसा बोलेल?

आणि सर्वांत वाईट भाग?

‘स्पॉक्स ब्रेन’. स्पॉकचा मेंदू चोरीला जातो. याहून जास्त वेळ त्यावर घालवू नये.

तिसरा हंगाम वगळला तर चालेल?

पुष्कळ जण तसंच सांगतात. दुसऱ्या हंगामानंतर मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हा चाहत्यांनी वाहिनीवर पत्रांचा भडिमार केला. बीजो आणि जॉन ट्रिंबल हे जोडपं त्यात पुढे होतं. मालिका वाचली, पण तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली. तिचा तरुण प्रेक्षक त्या वेळी घरी असायचाच नाही. पैसेही कापले, रॉडनबेरीनेही लक्ष कमी केलं. ते पडद्यावर दिसतं.

तरी दोन भागांसाठी मी हट्ट धरतो. एक, ‘लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड’, १० जानेवारी १९६९. अर्धा चेहरा काळा, अर्धा पांढरा अशी दोन माणसं हजारो वर्षं एकमेकांच्या जिवावर उठलेली. कर्कला कारणच कळत नाही, दोघं तर सारखीच दिसतात! तेव्हा त्यातला एक चिडून म्हणतो, आंधळे आहात का? मी उजवीकडे काळा आहे, तो उजवीकडे पांढरा आहे. तोवर आमच्यापैकीही कुणाच्या ते लक्षात आलेलं नसतं. भाग फार ढोबळ आहे असं समीक्षक म्हणतात. पण नाव सांगितल्यावर ‘आडनाव काय?’ हा प्रश्न ज्याला आयुष्यभर विचारला गेला आहे, असा आमचा एक मित्र तो पाहून म्हणाला, “ढोबळ कुठे आहे? हे तर रोजचं आहे.”

दुसरा ‘ऑल अवर यस्टरडेज’, १४ मार्च १९६९. लेखिका जीन लिसेट आरोएस्ट, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ग्रंथपाल. कुणी न मागता तिने पटकथा पाठवल्या आणि दोन स्वीकारल्या गेल्या. गोष्टही एका ग्रंथालयात सुरू होते : सूर्य फुटणार म्हणून ग्रहावरची सगळी माणसं आवडीच्या भूतकाळात निघून गेली आहेत, मागे एकटा म्हातारा ग्रंथपाल उरला आहे. चुकून स्पॉक आणि मकॉय पाच हजार वर्षं मागे, हिमयुगात जाऊन पडतात. तिथे झाराबेथ नावाची एकटी स्त्री आहे, आणि तिथे स्पॉक हळूहळू आपल्या रानटी पूर्वजांसारखा होत जातो. मांस खातो, रागावतो, प्रेम करतो. परत यायची वेळ येते आणि तिला येता येत नाही. वर्तमानात पाय टेकताच तो पुन्हा सरळ उभा राहतो आणि मकॉयला म्हणतो की हो, ते घडलं, पण पाच हजार वर्षांपूर्वी. ती आता मेलेली आहे, कधीची पुरली गेली आहे.

या शनिवारी हाच भाग आहे. सात वाजता सुरू करतो. आजी येणार आहेत.